कॅटेगरी आर्काइव्हसाठी टेम्प्लेटमध्ये वेगळी क्वेरी लिहिणं बंद करा

पाटावरवंटा:
वर्डप्रेसच्या कॅटेगरी टेम्प्लेटमध्ये (एका कॅटेगरीच्या पोस्टची यादी दाखवणारी थीमची फाइल) नवी डब्ल्यूपी क्वेरी (डेटाबेसमधून पोस्ट शोधून आणणारा कोड) लिहिणं म्हणजे पुढच्या माणसाच्या गळ्यात धोंड. ताजं प्रकरण घ्या. पाककृतींची साइट, 'पाककृती' हा कस्टम पोस्ट टाइप (साध्या पोस्टहून वेगळा, स्वतः बनवलेला प्रकार), त्याला नेहमीच्याच कॅटेगरी जोडलेल्या. 'उपवास' उघडलं की पाककृती गायब, कारण कॅटेगरी आर्काइव्ह, म्हणजे त्या कॅटेगरीच्या यादीचं पान, मुळात साध्या पोस्टच शोधतं. आधीच्या डेव्हलपरने टेम्प्लेटमध्ये स्वतःची क्वेरी टाकली. पहिलं पान झकास, दुसऱ्यावर ४०४, 'पान सापडत नाही'! मुख्य क्वेरी, म्हणजे पानाच्या पत्त्यावरून वर्डप्रेस स्वतः चालवतं ती, टेम्प्लेट निवडायच्या आधीच धावलेली असते. तिच्या लेखी त्या कॅटेगरीत साध्या पोस्ट ६, रीडिंग सेटिंगमध्ये पानाला १०. दुसरं पान येणार कुठून? पहिलं पान रिकामं असलं तरी कॅटेगरी सापडली म्हणून वर्डप्रेस चालवून घेतं, पुढच्या पानांना ती सवलत नाही. प्री गेट पोस्ट्स हुकमध्ये (क्वेरी धावायच्या आधी तिच्यात बदल करायची जागा) पोस्ट टाइप वाढवला, काम झालं.

खटपट्या:
हुकचं कौतुक पुरे. थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये कुठेतरी चार ओळी दडलेल्या, टेम्प्लेट वाचणाऱ्याला पत्ताच नाही. आणि 'कॅटेगरी पान आहे का' एवढीच अट घातली की वरचा मेनूच गायब होतो. मेनूचे आयटमही पोस्टच. त्यांच्या क्वेरीचाही टाइप बदलून बसतो.

पाटावरवंटा:
तो अर्धवट अटीचा दोष. अ‍ॅडमिन नाही ना, मुख्य क्वेरीच आहे ना, दोन्ही तपासायचं. मुख्य क्वेरी ओळखायची सोय ३.३ पासून, म्हणजे २०११ पासून आहे. कोणता हुक कुठे लागलाय ते क्वेरी मॉनिटर प्लगइन दाखवतं.

मधलीआळी:
साइडबारमधल्या 'आणखी उपवासाचे पदार्थ' चौकटीला मात्र वेगळी क्वेरीच बरी. फक्त नंतर पोस्टडेटा रिसेट करा (चालू पोस्ट पुन्हा मुख्य क्वेरीतली करा), नाहीतर खालच्या भागात भलत्याच पोस्टचं शीर्षक उमटतं.

खटपट्या:
मला वर एक मोठी पाककृती आणि खाली बाकीच्या हव्यात. हुकमध्ये ऑफसेट (सुरुवातीच्या इतक्या पोस्ट सोड, ही सूचना) टाकला तर प्रत्येक पानावर त्याच त्या पाककृती.

पाटावरवंटा:
ऑफसेट दिला की पान क्रमांक विचारातच घेतला जात नाही. ऑफसेट कशाला? लूपमधली (पोस्ट एकेक करून दाखवणाऱ्या कोडमधली) पहिली पोस्ट मोठी दाखवा, तीही पहिल्याच पानावर.

खटपट्या:
क्लायंटला वर ताजी नको, निवडक हवी.

पाटावरवंटा:
मग तिच्यासाठी छोटी क्वेरी, आणि हुकमध्ये तिचा आयडी वगळा.

खटपट्या:
म्हणजे टेम्प्लेटमध्ये वेगळी क्वेरी आलीच की, राव!

पाटावरवंटा:
आली, पण पेजिनेशन (यादीची पानांत विभागणी) तिच्यावर टांगलेलं नाही.