एसएमई कटचा बोर्ड, त्यावर रेगाचा आर्म बसेल का?

थोरेन्स टीडी १६० रेकॉर्ड प्लेयर आहे, आर्मबोर्डवर (टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, बसतो ती फळी) एसएमई ३००९ टोनआर्मचा लांबट कट आधीच मारलाय. रेगा आरबी३०० टोनआर्म मिळतोय. तोच बोर्ड चालवता येईल का?

↳ नाही हो, एसएमईचा बेस खाचेत मागेपुढे सरकतो म्हणून तो कट लांबट असतो, रेगाला एकच गोल भोक लागतं आणि तो सरकत नाही. कोरा बोर्ड घ्या. स्पिंडलच्या (रेकॉर्ड बसते ती मधली खुंटी) मध्यापासून पिव्हटपर्यंत (आर्म फिरतो तो बिंदू) २२२ मिमी, हे आधी कागदावर आखा मगच ड्रिल हातात घ्या. इथे दोन मिमी चुकलं की ओव्हरहँग (सुई स्पिंडलच्या पुढे जाते ते अंतर, १५ मिमी) हेडशेलच्या (आर्मचं टोक, जिथे कार्ट्रिज बसतं) खाचांतून जुळवत बसायचं, आणि तिथे फार जागा नसते.

↳ उंचीपण बघा. आरबी३०० ला उंची कमीजास्त करायची सोयच नाही, आर्म फार खाली बसला तर बेसखाली स्पेसर (जाड चकती) घाला.

↳ आणि टीडी १६० स्प्रिंगवर तरंगतो, आर्मचं वजन बदललं की सबचासी (प्लॅटर आणि आर्म धरणारी आतली फ्रेम) एका बाजूला कलते, स्प्रिंगा परत लेव्हल कराव्या लागतील. काउंटरवेट (आर्मच्या मागचं वजन) मागे झाकणाला लागत नाही ना तेही बघून घ्या, हे बरेच जण विसरतात.

↳ ओके, मग कोराच बोर्ड बघतो. एमडीएफ चालेल की प्लायवूड?

↳ दोन्ही चालतं, वजन जुन्या बोर्डाच्या आसपास ठेवा म्हणजे झालं.