शब्दचर्चा: मोफत, मुक्त की स्वतंत्र सॉफ्टवेअर?

(इंग्रजी 'फ्री'चे 'फुकट' आणि 'मोकळं' असे दोन अर्थ होतात; मग 'फ्री सॉफ्टवेअर'ला मराठीत काय म्हणावं, यावर बडोद्यातल्या चौघांची ही चर्चा. नावांऐवजी त्यांच्या वस्त्या दिल्या आहेत.)

रावपुरा: आमच्या वाचनालयातल्या संगणकांवर लिनक्स ही संगणकप्रणाली आणि लिब्रेऑफिस हे कार्यालयीन कामाचं सॉफ्टवेअर टाकलंय. फलकावर मी 'मोफत सॉफ्टवेअर' लिहिलं, तर एक सभासद म्हणतात 'मुक्त' करा. एवढा फरक पडतो का? पैसे लागले नाहीत हे तर खरंच आहे.

दांडिया बाजार: पडतो, काका. 'मोफत' हा फारसी 'मुफ्त'वरून आलेला, तो फक्त किमतीचं बोलतो. सयाजीरावांनी १९०६ साली बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तिथे तो चपखल, कारण प्रश्न फीचाच होता. अमेरिकी प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू हा मुक्त संगणकप्रणालीचा प्रकल्प जाहीर केला तो स्वस्ताईसाठी नव्हे. प्रोग्राम हव्या त्या कामाला वापरता यावा, त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरनं लिहिलेला मूळ मजकूर, वाचून बदलता यावा, प्रती वाटता याव्यात, बदललेली प्रतही वाटता यावी, एवढंच त्यांचं मागणं. स्वतः त्यांनी ईमॅक्स या आपल्या मजकूर-संपादकाची टेप १५० डॉलरला विकली! उलट ॲडोबचं पीडीएफ रीडर फुकट मिळतं, पण आत डोकावायची सोय नाही. ते मोफत आहे, मुक्त नाही.

मांजलपूर: 'स्वतंत्र' का नको? हिंदीत चालतं.

दांडिया बाजार: मराठीत 'स्वतंत्र खोली', 'स्वतंत्र नळ' असतो हो. लोक विचारतील, कशापासून वेगळं?

निजामपुरा: 'मुक्त' तरी कुठे निर्मळ आहे? मुक्त विद्यापीठात तो 'ओपन'साठी आलाय, आणि ओपन सोर्सलाही 'मुक्तस्रोत' म्हणतात. ओपन सोर्स हे नाव १९९८ साली पुढे आलं, कंपन्यांना बिचकवू नये म्हणून. सॉफ्टवेअर बहुतेक तेच, पण हक्कांवरचा जोर कमी. हा भेद मराठीत पुसला जातो. अर्थात एक जमेची बाजू आहे: मुक्त विद्यापीठाची फी भरताना 'मग मुक्त कसलं?' असं कुणी विचारत नाही. म्हणजे मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हे आपल्या कानाला आधीच ठाऊक आहे.

मला खरी अडचण विरुद्धार्थी शब्दाची वाटते. इंग्रजी 'प्रोप्रायटरी'साठी 'मालकीचं सॉफ्टवेअर' लिहितात ते चूक. मालक मुक्त सॉफ्टवेअरलाही असतो; जीपीएल हा ग्नूचा परवाना उभाच आहे कॉपीराइटवर. 'खाजगी' तर त्याहून वाईट. मी 'बंदिस्त' म्हणेन. आमच्या मंडळाच्या जुन्या स्मरणिका ज्या फाँटात जुळवल्या, त्याची अक्षरयोजना एका कंपनीपुरतीच होती. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा. कन्व्हर्टर लावला तरी जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. मजकूर आमचा, पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर, आणि किल्ली दुसऱ्याकडे. याला मालकी तरी कोणत्या तोंडानं म्हणायचं?

मांजलपूर: 'बंदिस्त' पटला. 'स्वतंत्र' मागे घेते.

रावपुरा: मग असं लिहितो: 'येथील सॉफ्टवेअर मुक्त आहे. प्रत हवी असल्यास पेनड्राइव्ह आणावा.' खाली गुजरातीतही लिहायचंय.

मांजलपूर: गुजरातीतही 'मुक्त'च ठेवा. 'मफत' लिहिलंत तर पेनड्राइव्हच मफत मिळतोय समजून मांडवीपर्यंत रांग लागेल.