पाळी थांबल्यानंतर वाढलेले वजन आणि स्तनाचा कर्करोग

शेवंती:
माझ्या आईचे वय 58 आहे. पाळी थांबल्यापासून तिचे वजन सतत वाढत आहे, पण घराण्यात कोणालाही स्तनाचा कर्करोग झालेला नसल्यामुळे ती निर्धास्त आहे. लठ्ठपणामुळे हा धोका वाढतो असे वाचले; तरुणपणी वजन जास्त असलेल्यांना तो कमी असतो, असेही वाचले. यांपैकी खरे काय मानावे?

देवदार:
दोन्ही खरे आहे, कारण ही विधाने वेगवेगळ्या वयांविषयीची आहेत. पाळी चालू असेपर्यंत बहुतेक इस्ट्रोजेन (स्त्री संप्रेरक, म्हणजे हार्मोन) अंडाशयांत तयार होते. तो स्रोत आटल्यावर मात्र चरबीतील अरोमाटेज नावाचे विकर (एन्झाइम), मुख्यतः मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून आलेल्या पुरुषी संप्रेरकांपासून, इस्ट्रोजेन तयार करू लागते. चरबी अधिक असेल तर हे इस्ट्रोजेनही अधिक, आणि त्यावर पोसला जाणारा ‘ईआर पॉझिटिव्ह’ प्रकारचा कर्करोग होण्याची शक्यताही अधिक. स्तनाच्या कर्करोगावरचे लेट्रोझोल हे औषध नेमके हेच विकर रोखते. 2008 साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, त्यात बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) 5 ने वाढल्यास पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये धोका सुमारे 12 टक्क्यांनी वाढतो असे दिसले. ही वाढ मूळ धोक्याच्या तुलनेतली आहे. शंभरांतल्या आणखी बाराजणींना कर्करोग होतो, असा तिचा अर्थ नाही (बातम्यांमध्ये हा घोळ नेहमी होतो). तरुणपणच्या वजनाबद्दलचा दिलासा मला फारसा उपयोगाचा वाटत नाही, कारण तेव्हा चढलेले वजन बहुधा पन्नाशीनंतरही उतरत नाही.

निवृत्त परिचारिका:
घराण्यात कोणाला नाही, हा आधार फार तोकडा आहे. स्तनाचा कर्करोग होणाऱ्या बहुतेक स्त्रियांच्या जवळच्या नात्यात तो कोणालाच झालेला नसतो. आईंची कंबरही मोजावी. आपल्याकडील स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. आणि वजन उतरेपर्यंत तपासणी लांबवू नये. टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी केलेल्या तपासणीमुळे पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमधील या आजाराचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले.

शेवंती:
आभारी आहे. या वयात वजन उतरवून खरोखर काही फरक पडतो का?

देवदार:
पडतो. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासात, पाळी थांबल्यानंतर 10 किलो किंवा अधिक वजन घटवून ते टिकवलेल्या आणि पाळी थांबल्यावर दिल्या जाणाऱ्या हार्मोनच्या गोळ्या कधीच न घेतलेल्या स्त्रियांना, वजन स्थिर राहिलेल्यांच्या तुलनेत निम्म्याहून कमी धोका आढळला. आईंनी अशा गोळ्या घेतल्या असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.