मदत हवी आहे: लिनक्सवर टाइप करताना तळहात टचपॅडला लागतो आणि कर्सर भलतीकडंच उडतो

राम राम मंडळी. सेलूचा आहे, जिल्हा परभणी. तहसीलच्या बाहेर टेबल टाकून अर्ज, प्रतिज्ञापत्र, वारस नोंदीचे कागद टाइप करून देतो. मागच्या महिन्यात एक सेकंडहँड लॅपटॉप घेतला, विंडोज त्याच्यावर लै रेंगाळत होतं म्हणून भाच्यानं लिनक्स मिंट २२ टाकून दिलं, सिनॅमन वालं. बाकी सगळं झकास, लिब्रेऑफिस पळतंय, प्रिंटर पहिल्या झटक्यात लागला, पण टचपॅडनं जीव नकोसा केलाय.

होतं काय, टाइप करता करता अंगठ्याखालचा तळवा नुसता घासला की कर्सर टुणकन दुसऱ्याच ओळीत. माझी नजर हातातल्या कच्च्या कागदावर असती, स्क्रीनवर नाही, त्यामुळं दोन ओळी होईपर्यंत कळतच नाही. काल एका म्हाताऱ्या बाबांचा वारस नोंदीचा अर्ज होता, खाली पोरांची नावं टाइप करायलो तर धाकट्या पोरीचं नाव वर जाऊन गट नंबरच्या मधोमध बसलं. आधी २, मग पोरीचं नाव, मग १४. प्रिंट काढली, बाबांनी अंगठा पण लावला, मग नातवानं वाचलं. बाबा म्हणले, लेका जमीन तिच्याच नावावर करून टाकलीस की. सगळे हसले, पण कागद वाया गेला आणि माझी इज्जत पण.

करून बघितलेलं सांगतो. सेटिंगमध्ये टाइप करताना टचपॅड बंद ठेवा असं एक बटन आहे, ते चालूच आहे, फरक शून्य. पॉइंटरचा स्पीड कमी केला, त्यानं बाण हळू पळतो पण उडी मारायची ती मारतोच. टॅप करून क्लिक बंद केलं तर उडी थांबती, पण मग प्रत्येक क्लिकला पॅड दाबावं लागतं आणि डाव्या बाजूला ते दबतच नाही. नेटवर सिनक्लायंट आणि पामडिटेक्ट असलं काहीतरी सापडलं, ते टर्मिनलमध्ये टाकलं तर म्हणतं सिनॅप्टिक्स ड्रायव्हरच लोड नाही.

दुसरं, चार्जर लावलेला असला की बाण आपोआप थरथरतो, बोट ठेवलं की जास्तच.

बाहेरचा कीबोर्ड घ्या म्हणू नका, टेबलावर प्रिंटर, स्टॅम्प पॅड आणि चहाचा कप एवढं ठेवलं की संपली जागा. म्हणून तर डी चं बटन मेलं तरी ह्याच कीबोर्डवर भागवायलोय. इनस्क्रिप्ट ह्या मराठी कीबोर्डच्या मांडणीत पाय मोडायचं चिन्ह त्याच डी वर आणि शिफ्ट धरलं की अ पण त्याच्यावरच, म्हणजे माझा धंदा अर्जाचा आणि अर्ज लिहायला गेलं की उमटायचं रज. आता कॅप्स लॉक दाबलं की डी येतं, तेवढं जमलंय.

कुणाला काही सुचत असंल तर सांगा, सोप्या भाषेत.

प्रतिसाद १
आधी लॅपटॉप टेबलावर ठेवून आडवं डोळा लावून बघा, टचपॅड वर उचलल्यासारखं दिसतंय का. जुन्या लॅपटॉपची बॅटरी फुगली की ती खालून पॅडला ढकलती, मग क्लिक दबत नाही. तुमचं डावीकडं दबत नाही म्हणताय म्हणून शंका आली. फुगलेली असंल तर लगेच काढायला लावा, टोचू-दाबू नका, आग लागू शकती.

प्रतिसाद २
भाऊ, हे दोन वेगवेगळे आजार दिसतात.

थरथरीचं आधी. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर दहा मिनिटं चालवा. थरथर गेली तर अर्थिंग नाही. टचपॅड बोटाची विद्युत धारकता मोजत असतं, चार्जरला अर्थ मिळाला नाही की त्यातला गोंगाट सरळ पॅडवर येतो. लोखंडी बॉडीवर हात फिरवल्यावर झिणझिण्या येतात का? थ्री पिनला टू पिनचा कन्व्हर्टर लावलाय का?

सिनक्लायंट विसरा. ते जुन्या ड्रायव्हरचं, आता मिंटमध्ये लिबइनपुट असतं, नेटवरचे निम्मे जुने सल्ले ह्याच्यामुळंच चालत नाहीत. लिबइनपुट एक बटन दाबलं की २०० मिलिसेकंद पॅड गप्प ठेवतं, सलग टाइप करत असाल तर शेवटच्या बटनानंतर ५०० मिलिसेकंद. कंट्रोल, आल्ट ह्यात धरत नाही. हे चालू असून फरक शून्य म्हणजे त्याला तुम्ही टाइप करताय हेच कळत नाहीये. कॅप्स लॉकचं डी कशानं केलंय?

धागाकर्ता
बॅटरी सपाट आहे, बघितली. झिणझिण्या येतात, मला वाटायचं घामानं असंल, इथं उन्हाळ्यात सगळंच चिकचिक. एक्स्टेंशन बोर्डाला तिसरं भोक होतं पण आत तारच नव्हती राव. शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या भिंतीतल्या सॉकेटवरून लाइन घेतली, थरथर गेली.

कॅप्स लॉकचं भाच्याला विचारलं, की-डी म्हणून काहीतरी टाकलंय म्हणे.

प्रतिसाद २
सापडलं मग. की-डी म्हणजे एका बटनाचं काम दुसऱ्या बटनाला देणारा प्रोग्रॅम. तो खरा कीबोर्ड स्वतःच्या ताब्यात घेतो आणि पुढं एक खोटा कीबोर्ड दाखवतो. लिबइनपुटला तो खोटा कीबोर्ड बाहेरून लावलेला वाटतो. आणि बाहेरच्या कीबोर्डवर टाइप करणाऱ्याचा तळहात काही टचपॅडवर नसतो, म्हणून त्याच्यासाठी ते पॅड बंद करत नाही. त्याच्या हिशेबानं बरोबरच आहे.

त्याला सांगायचं की हा कीबोर्ड आतलाच आहे. सिस्टीमचा इटीसी नावाचा फोल्डर आहे, त्याच्या आत लिबइनपुट नावाचा फोल्डर, नसला तर बनवा, त्यात लोकल-ओव्हरराइड्स डॉट क्वर्क्स नावाची फाइल, सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या हक्कानं. फाइलमध्ये चार ओळी, अर्थातच इंग्रजीत:

[कीडी]
मॅचयूडेवटाइप=कीबोर्ड
मॅचनेम=कीडी व्हर्च्युअल कीबोर्ड
ॲट्रकीबोर्डइंटिग्रेशन=इंटर्नल

बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडं प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल आणि सगळं एकात एक जोडून, उजवीकडं सगळं स्मॉल. चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडू नका. मग लॉगआउट करून परत लॉगिन. टॅप परत चालू करून टाइप करून बघा.

धागाकर्ता
पहिल्यांदा काहीच झालं नाही, मग भाच्यानं बघितलं तर मी फाइलच्या नावाच्या शेवटी टीएक्सटी ठेवलं होतं. ते काढलं, लॉगिन केलं, टॅप चालू करून मुद्दाम तळहात घासत एक पान टाइप केलं. कर्सर जागचा हलला नाही. टायपिंग थांबवून क्षणभरानं बोट ठेवलं की पॅड लगेच जागं होतं, म्हणजे काम अडत पण नाही.

डावीकडचं दबत नाही ते अजून तसंच आहे, पण टॅप असल्यावर कोण दाबतंय.

दादा, लै उपकार झाले. बाबांचा अर्ज आज परत काढून दिला, पैसे नाही घेतले. अंगठा लावायच्या आधी त्यांनी नातवाकडून गट नंबर दोनदा वाचून घेतला.