मदत हवी आहे: हार्ट फेल्युअरच्या रुग्णासाठी ओरेमच्या सिद्धान्तावर केअर प्लॅन

प्रश्न : विद्यार्थिनी_बीएस्सी

नमस्कार. हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त पंप करण्याची ताकद कमी पडणे) असलेल्या मेडिकल वॉर्डातल्या केसवर नर्सिंग-तज्ज्ञ डोरोथी ओरेम यांचा सेल्फ-केअर डेफिसिट सिद्धान्त लावून केअर प्लॅन लिहायचा आहे. रुग्ण ६२ वर्षांच्या बाई, गाव तालुक्यापासून लांब. इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय एका ठोक्यात आतले किती टक्के रक्त बाहेर टाकते ते) ३० टक्के. दम लागतो म्हणून भरती, दोन्ही पायांना सूज. फ्युरोसेमाइड (लघवीवाटे साठलेले पाणी काढणारे औषध) शिरेतून चालू होते, आता गोळीवर आणले आहे. सोबत स्पायरोनोलॅक्टोन, एनालाप्रिल, बिसोप्रोलॉल. सहा महिन्यांतली ही दुसरी भरती. वाचता येत नाही, पण आकडे ओळखतात. स्वयंपाक सून करते.

मी 'ज्ञानाचा अभाव' असे निदान लिहून पुढे 'आहार, औषधे, व्यायाम यांबद्दल शिक्षण दिले' असे मांडले होते. मॅडमनी परत दिले, म्हणाल्या यात ओरेम कुठे आहे? नर्सिंग सिस्टिम (काळजीतले किती नर्सने करायचे, किती रुग्णाने) कोणती लिहायची यातही गोंधळ आहे. कृपया मार्गदर्शन करा.

उत्तर : पाठनिर्देशिका

मॅडमचे बरोबर आहे. तुम्ही लिहिलेले वाक्य मधुमेहाच्या, दम्याच्या, कोणत्याही रुग्णाच्या फाइलमध्ये चालेल. ओरेम यांची मांडणी (पुस्तक १९७१ चे) एका तुलनेवर उभी आहे: या रुग्णाला रोज काय काय करावे लागणार आहे, आणि त्यातले ती किती करू शकते. पहिले म्हणजे थेराप्युटिक सेल्फ-केअर डिमांड, दुसरे सेल्फ-केअर एजन्सी. डिमांड जास्त आणि एजन्सी कमी पडली की तूट. ही वजाबाकी कागदावर दिसली पाहिजे.

आधी बेसिक कंडिशनिंग फॅक्टर्स (स्वतःची काळजी घेण्यावर परिणाम करणाऱ्या रुग्णाच्या परिस्थितीतल्या गोष्टी) लिहा, पण फक्त पुढे उपयोगी पडणारे: वय, निरक्षरता, स्वयंपाक दुसऱ्याच्या हाती, दवाखाना लांब. मग हेल्थ डेव्हिएशन रिक्विझिट्स, म्हणजे आजारामुळे उभ्या राहणाऱ्या गरजा. ते सहा आहेत: योग्य वेळी वैद्यकीय मदत घेणे, आजाराच्या परिणामांकडे लक्ष ठेवणे, सांगितलेले उपचार पाळणे, उपचारांचे दुष्परिणाम ओळखून सांभाळणे, स्वतःकडे बघण्याची दृष्टी बदलणे, आजारासह जगायला शिकणे. हार्ट फेल्युअरमध्ये घात होतो तो बहुतेक पहिल्या दोनांत. गोळ्या चालू असतात, पण पाणी साठत चाललेले कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात आले तरी 'उद्या बघू' होते.

तुमचे निदान असे काहीसे होईल: 'वजनवाढ आणि सूज म्हणजे पाणी साठणे हा अर्थ लावता न येणे व त्यावर वेळेत कृती न होणे, कारण घरी वजनकाटा नाही आणि फोन कुणी, कधी करायचा हे ठरलेले नाही, पुरावा म्हणजे सूज दिसल्यापासून भरतीपर्यंत गेलेले दिवस.' किती दिवस गेले ते बाईंना आणि सुनेला वेगवेगळे विचारा. उत्तरे बहुधा जुळत नाहीत, आणि तो फरक हीच तुमची नोंद.

नर्सिंग सिस्टिम एकच लिहायची नसते, ती बदलत जाते. ऑक्सिजनवर असतानाही बाई स्वतः पाणी पीत असतील, त्रास सांगत असतील, तर काही त्या करतात, काही नर्स. म्हणजे ती पार्टली कॉम्पेन्सेटरी. अनेक मुली तिथे होली कॉम्पेन्सेटरी (सगळे नर्सच करते) लिहितात. ती बेशुद्ध किंवा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला, जिथे रुग्णाकडून काहीच होऊ शकत नाही. आता गोळीवर आल्यावर सपोर्टिव्ह-एज्युकेटिव्ह, म्हणजे करायचे रुग्णाने, नर्सने शिकवायचे आणि आधार द्यायचा. आणि सुनेला 'नातेवाईक' या रकान्यात ढकलू नका. ओरेम यांच्याकडे तिच्यासाठी डिपेंडंट-केअर (घरच्या माणसाने अवलंबून असलेल्याची घेतलेली काळजी) ही स्वतंत्र कल्पना आहे. मिठाचा डबा तिच्या हातात आहे, तर तिची क्षमताही मोजावी लागेल.

उत्तर : ओपीडी_सिस्टर

वरचे सगळे पटले. मी फक्त डिमांडचा रकाना भरून देते, कारण तिथे 'कमी मीठ, कमी पाणी' लिहून सगळे मोकळे होतात.

वजन: रोज सकाळी, लघवी करून, चहाच्या आधी, साधारण तेवढ्याच वजनाच्या कपड्यांत. काटा डिजिटल, १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा. तो फरशीवर ठेवायचा. सतरंजीवर किंवा ओबडधोबड शेणाच्या जमिनीवर आकडा भलताच येतो. फरशी नसेल तर खाली सपाट जाड फळी. आकडा कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत लिहायचा, दुधाचा हिशोब लिहितात तसा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे बाटली हातात देऊन सांग, चटकन कळते. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढ झाली तर फोन. एका रात्रीत किलोभर वाढले तरी त्याच दिवशी फोन.

सूज: नडगीच्या हाडावर अंगठ्याने पाच सेकंद दाबायचे, खळगा राहतो का बघायचे. चपलेच्या पट्ट्याचा वळ कालच्यापेक्षा खोल आहे का तेही. रात्रीच्या उश्या मोजायच्या. एकीच्या दोन झाल्या किंवा रात्री दम लागून उठून बसावे लागले, तर वजन वाढलेले नसले तरी कळवायचे.

मीठ: डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर दिवसाला सगळे मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभरही नाही. सुनेने सकाळी पाऊण चमचा मीठ बाईंच्या नावाच्या छोट्या डबीत काढायचे आणि त्यांच्या वाट्याच्या भाजीला, आमटीला तेवढेच पुरवायचे. उरलेले पाव-बिस्किटांत जातेच. त्यांची आमटी मीठ घालण्याआधी वेगळी काढायची. ज्वारीच्या भाकरीत बहुतेक घरी मीठ नसते, त्यामुळे भाकरी आपल्या बाजूची. लोणचे, पापड, फरसाण, सुकट-बोंबील बंद. पापडात मिठाखेरीज पापडखार असतो, त्यातही सोडियमच. सैंधवही मीठच. आणि 'लो सोडियम' मीठ या बाईंना मुळीच सुचवू नकोस. त्यात पोटॅशियम क्लोराइड असते. स्पायरोनोलॅक्टोन आणि एनालाप्रिल दोन्हीही पोटॅशियम वाढवतात, ते फार वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात. नारळपाणी रोज प्यायची सवय आहे का, तेही विचार.

पाण्याची मर्यादा डॉक्टरांनी दिली असेल तरच लिही. दिली असेल तर सकाळी तेवढे पाणी एका भांड्यात भरून ठेवायचे. चहा, ताक, आमटी जे घेतले तेवढे त्यातून काढून टाकायचे. भांडे रिकामे, दिवस संपला.

दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी गोळी पाणी आणि मीठ धरून ठेवते, मूत्रपिंडालाही ताप देते. आणि फ्युरोसेमाइड बाजाराच्या दिवशी टाळली जाते, कारण एसटीत लघवीची सोय नाही. 'टाळू नका' म्हणून भागत नाही. त्या दिवशी घरी परतल्यावर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारून लिहून घे. उलट्या-जुलाब झाले तर मात्र गोळ्या तशाच चालू ठेवायच्या नाहीत, आधी फोन.

प्रश्न : विद्यार्थिनी_बीएस्सी

खूप आभार, दोघींचेही. एक शंका. रीगल यांचा सिद्धान्तही वाचनात आला. दोन्ही वापरले तर चालेल? आणि वाचता न येणाऱ्या बाईंना फोन कधी करायचा हे कसे दाखवू?

उत्तर : पाठनिर्देशिका

सांगाडा ओरेम यांचाच ठेवा. बार्बरा रीगल आणि व्हिक्टोरिया डिक्सन यांनी २००८ मध्ये खास हार्ट फेल्युअरसाठी मांडणी केली, २०१६ मध्ये तीत लक्षणे जाणण्याचा टप्पा स्वतंत्र केला. त्यांचे तीन भाग म्हणजे रोजचे पाळणे, लक्षण टिपणे, आणि टिपल्यावर कृती करणे. साखळी नेमकी कुठे तुटली हे शोधायला त्यांचा उपयोग करा. त्यांच्या प्रश्नावलीत प्रत्येक भागाला शंभरपैकी वेगळे गुण असतात आणि ७० पासून पुढे पुरेसे धरतात. तिन्हींची बेरीज करू नका. रोजच्या पाळण्यात ८० आणि कृतीत ३० असलेली बाई पुन्हा भरती होते.

मूल्यमापनात 'रुग्णाला समजले' लिहू नका. 'बाईंनी स्वतः काट्यावर उभे राहून आकडा वाचला. दोन किलो वाढल्यास कुणाला सांगायचे ते न अडखळता सांगितले' असे लिहा.

उत्तर : ओपीडी_सिस्टर

आकडे ओळखतात ना, मग सोपे आहे. कालनिर्णयच्या वरच्या कडेला कोरडे वजन (अंगात जादा पाणी नसतानाचे) मोठ्या आकड्यात लिही, त्याखाली दोन किलो जास्तीचा आकडा, त्याला लाल टिकली चिकटव. आज टिकलीचा आकडा दिसला की सुनेने फोन करायचा, संध्याकाळपर्यंत थांबायचे नाही. बसल्या जागी दम, छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, गुलाबी फेसाळ थुंकी यांना आकडा बघायचाच नाही, थेट १०८. जास्तीची गोळी घ्या असे आपण आपल्या मनाने सांगायचे नाही. डॉक्टरांनी तसे लिहून दिले असेल तरच.

आणि वॉर्डातला डिस्चार्जचा आकडा कॅलेंडरवर उतरवू नकोस. वॉर्डाचा काटा आणि घरचा काटा यांत किलो-दीड किलोचा फरक सहज पडतो, मग पहिल्याच दिवशी खोटी घाबरगुंडी उडते किंवा खरी वाढ दडून राहते. घरी गेल्यावर पहिल्या सकाळी घरच्या काट्यावर येईल ते कोरडे वजन. टिकली कोऱ्या जागी लावून दे, आकडे सुनेला दुसऱ्या दिवशी फोनवरून लिहायला सांग.