छोटी डिझेल गाडी आणि ट्रेलर: डिझेल कोण खातं, वजन की वारा?

सागरगोटा
प्रदर्शनांत स्टॉल लावणारे आणि छोट्या शिडाच्या होड्या बाळगणारे, दोघांच्याही डोक्यात एक समज पक्का बसलाय: हॅचबॅकमागे ट्रेलर लावला की मायलेज निम्मं, आणि दोष वजनाचा. म्हणून सामान कमी करतात, पण डब्याची उंची गाडीच्या टपापेक्षा दीड फूट वर ती तशीच. माझं मत उलट आहे. हमरस्त्यावर डिझेल खातो तो वारा, वजन तोंडी लावण्यापुरतं.

ढोबळ हिशेब मांडतो. दोन माणसांसह साडेबाराशे किलोची गाडी, मागे भरलेला ४०० किलोचा ट्रेलर, सपाट रस्ता. ताशी ८० ला एकट्या गाडीला साधारण ३३० न्यूटन (जोराचं माप) विरोध होतो. तोच ट्रेलर गाडीच्या आडोशात राहील इतका बुटका असेल तर ४२५ च्या आसपास. उंच, चौकोनी, बंद डबा असेल तर ५८० पर्यंत. दोन्हींत वजन तेच आहे! फरकाचे दीडशे न्यूटन निव्वळ डब्याच्या पुढच्या भिंतीचे, आणि शंभर किलोमीटरला त्यापायी एक लिटरच्या वर डिझेल जातं.

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गात वाढतो. ८० चे ६० केले की उंच डब्याचे ५८० न्यूटन ४१० वर येतात. मुंबईहून अलिबागकडे जाताना पनवेल ते वडखळ या पट्ट्यात ६० धरून चाला आणि डबा बुटका करा, बाकीच्या युक्त्या नंतर.

परळचा_फिटर
हिशेब बरोबर, पण रस्ता चुकीचा धरलात. मुंबईतला ट्रेलर आधी मुंबईतून बाहेर पडायला हवा. दादरहून सायन, चेंबूर, मानखुर्द, वाशीचा पूल, तिथून पनवेल. या टप्प्यात वारा कुठे आला? इथे दर सिग्नलला ४०० किलो शून्यापासून ढकलायचे आहेत, आणि उड्डाणपुलाच्या चढावर गर्दी अडकली की हाफ क्लचवर. डिझेलचं सोडा, क्लच जळतो त्याचं काय? प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट बसवायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्या एका बिलात वर्षभर वाचवलेलं डिझेल वाहून जाईल.

सागरगोटा
फिटरसाहेब, क्लचचं मान्य. डिझेलचं नाही. शून्यावरून ताशी ४० गाठताना ४०० किलोंना २५ किलोज्यूलच्या आत ऊर्जा लागते. इंजिनाची आणि क्लचची गळती धरून ते अडीच मिलिलिटर डिझेल होतं. पन्नास सिग्नल धरले तरी सव्वाशे मिली, म्हणजे अर्धा कप. ट्रॅफिकमध्ये खरं डिझेल जातं ते इंजिन नुसतं चालू राहिल्याने, आणि त्यात ट्रेलरचा काही हात नाही.

परळचा_फिटर
तो अडीच मिलीचा आकडा क्लच नीट सोडणाऱ्या माणसाचा आहे. हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणाऱ्याचा नाही. म्हणून पद्धत सांगतो. रांगेत पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटू नका. दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्या, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडा आणि ॲक्सिलरेटरला पाय न लावता आयडलवरच रांगू द्या. डिझेल इंजिन तेवढं ओढतं. चढावर हँडब्रेक लावून थांबायचं, क्लच पकडला की तो सोडत निघायचं. दुसऱ्या गिअरमध्ये उचलायची सवय ट्रेलर असेल त्या दिवशी घरी ठेवा.

घाटवळण
सपाटीच्या गप्पा झाल्या, आता बोरघाटाकडे बघू. तिथे वेग ४०, वारा नगण्य, चढ मात्र खोपोली ते लोणावळा जवळजवळ साडेपाचशे मीटर. पुण्याच्या प्रदर्शनाला जाणाऱ्याचं तिथे वजनच आडवं येतं.

सागरगोटा
येतं, पण किती? ४०० किलो ५५० मीटर वर न्यायला २.१६ मेगाज्यूल. इंजिनाची कार्यक्षमता ३५ टक्के आणि लिटरभर डिझेलमध्ये ३६ मेगाज्यूल धरा, उत्तर येतं १७० मिली. अख्ख्या घाटाचे.

घाटवळण
३५ टक्के केव्हा? इंजिन योग्य फेऱ्यांवर (आरपीएम) असेल तेव्हा! मुद्दा वजनाचा नसेल तर गिअरचा आहे, आणि इथे निम्मे लोक चुकतात. तेराशे सीसीच्या मल्टिजेट डिझेल इंजिनाचा १९० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) २००० फेऱ्यांना मिळतो. ते इंजिन असलेल्या छोट्या गाडीत ताशी ६० ला पाचवा गिअर म्हणजे साधारण दीड हजाराच्या खाली. मोकळ्या गाडीला चालतं. ट्रेलर असताना टर्बो पुरेशी हवा देत नाही, चालक पाय दाबत जातो, धूर निघतो आणि गाडी तरीही जड. वरचा गिअर म्हणजे बचत, हे डोक्यातून काढा. ट्रेलरसह ६० ला चौथा, घाटात तिसरा, फेऱ्या २००० ते २५००. बीएस-६ गाड्यांत तर डीपीएफ आहे, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. सतत कमी फेऱ्यांवर दाबून चालवलं की काजळी लवकर साठते आणि ती जाळायला गाडी वेगळं डिझेल वापरते. ते बिल कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

उतरताना न्यूट्रल नको. गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजेक्शन बंद, डिझेल शून्य. न्यूट्रलमध्ये आयडलिंगचं डिझेल जातं आणि ब्रेक तापतात ते वेगळंच. ट्रेलरला ओव्हररन ब्रेक (ट्रेलर गाडीला मागून रेटू लागला की आपोआप लागणारा) असेल तर इंजिन ब्रेकिंगमध्ये ट्रेलर कपलिंगवर, म्हणजे गाडीशी असलेल्या जोडावर, रेटतो आणि त्याचे ड्रम सारखे घासत राहतात. उतार संपला की थांबून ड्रमपाशी हात न्यावा, न टेकवता. आच लागली तर पुढे जायच्या आधी थंड होऊ द्या.

हिशेबी_माणूस
एवढ्या मिलिलिटरच्या गणितापेक्षा छोटा हत्ती भाड्याने घ्या आणि गाडीत एसी लावून बसा.

सागरगोटा
स्टॉल तीन दिवस चालणार असेल तर टेम्पोचं सामान टाकून रिकामं परतणं आणि न्यायला रिकामं येणं, दोन्हींचं भाडं तुमच्या माथी. वर्षातून एकदाच जायचं असेल तर मात्र टेम्पोच बरा, ट्रेलर घेऊच नका.

किनारपट्टी
उंचीबद्दल सहमत. पण डबा बुटका करून सगळं जड सामान मागे सरकवणारे पाहिलेत, कारण "गाडीची मागची बाजू बसत नाही". ही बचत जीवघेणी आहे. जड सामान ट्रेलरच्या धुरीवर किंवा जरासं पुढे हवं. ४०० किलोच्या ट्रेलरचा कपलिंगवरचा भार २५ ते ४० किलो ठेवा. मोजायला घरातला वजनकाटा पुरतो: काट्यावर लाकडाचा ठोकळा उभा करा, ट्रेलर समतल ठेवून कपलिंग त्यावर टेकवा. आकडा १० किलो आला तर ताशी ७० नंतर ट्रेलर शेपूट हलवायला लागू शकतो. त्या वेळी ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगने सावरू नका. पाय काढा, वेग आपोआप उतरू द्या.

होडीवाल्यांसाठी आणखी एक. हमरस्त्यावरून आल्या आल्या तापलेली चाकं समुद्रात बुडवू नका. हब (चाकाचा मधला, बेअरिंगचा भाग) एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढलं जातं. पुढच्या खेपेला ग्रीस दुधाळ दिसलं की समजा पाणी गेलं. धुऊन, वाळवून नवं भरा.

आणि अलिबागचीच खेप असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो आहे, बराचसा रस्ता वाचतो. ट्रेलरसकट गाडी घेतात का, ते आधी विचारून घ्या.

परळचा_फिटर
किनारपट्टींना जोडून. गाडीच्या मॅन्युअलमध्ये टोइंगची मर्यादा बघा. कंपनीने दिलीच नसेल, तर ट्रेलर अडकवायचा पन्नास एमएमचा बॉल वेल्ड करून देणारा गल्लीत भेटतो म्हणून ओढू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलरसुद्धा मोटार वाहनच आहे, म्हणजे त्याची स्वतंत्र नोंदणी आणि मागे नंबरप्लेट हवी. दिव्यांची वायर गाडीच्या टेललॅम्पला थेट जोडू नका, वेगळा रिले घ्या. नव्या गाड्यांचा बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे वगैरे सांभाळणारा छोटा संगणक) जास्तीचा करंट सहन करत नाही.

वजन की वारा, यावर मी अजून मागे हटलेलो नाही. ज्याची निम्मी खेप सायन ते वाशी आहे त्याने पायाखालचा क्लच आधी सांभाळावा.

सागरगोटा
मग मोजूनच बघा, पण डॅशबोर्डवरच्या सरासरीवर विश्वास ठेवू नका. वाशी ओलांडून पनवेलजवळ टाकी भरा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा, पंपवाल्याने "राउंड फिगर" म्हटलं तरी वर घालू देऊ नका. ट्रेलरच्या टायरमधली हवा थंड असताना साइडवॉलवरच्या आकड्याच्या आत, ट्रेलरवाल्याने सांगितलेली. वडखळपर्यंत जाऊन परत त्याच पंपावर, त्याच मशिनवर भरा. एकदा ८० ने, एकदा ६० ने, सामान तेच. मग उंच डब्याऐवजी तेच सामान बुटक्या ट्रॉलीत, ताडपत्री दोरीने चारही बाजूंनी ताणून, कारण फडफडणारी ताडपत्री स्वतःच वारा खाते. आकडे इथे टाका. शहरातला टप्पा वेगळा मोजून फिटरसाहेबांनी त्यांचे टाकावेत.