उत्तर: आरतीच्या नोटेशनमधला मजकूर पळतोय

नमस्कार मंडळी,

यंदा आरतीला हायस्कूलची तीन मुलं व्हायोलिन-बासरी वाजवणार आहेत. त्यांना सारेगम वाचता येत नाही म्हणून मी सगळं स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्य स्वरलिपीत, लिहायला घेतलं. लॅपटॉप जुना, स्वरलिपी लिहायचं सॉफ्टवेअर म्यूझस्कोर ३.६. तीन दुखणी आहेत.

‘झांजा थांबवा’ हे अकराव्या बारवर (दोन उभ्या रेघांमधल्या खंडावर) नीट ठेवलं होतं. पानाची मांडणी बदलली आणि ते थेट समासात जाऊन लोंबकळलं. ‘हळू’ बासरीच्या पानावर दिसतं, व्हायोलिनच्या नाही. आणि शब्दांच्या दोन ओळी आहेत, वर रोमन, खाली देवनागरी. फॉन्ट बदलला तर रोमन बदलली, देवनागरी ढिम्म!

रविवारी तालीम आहे हो.

— पेटीवाली

---

ताई,

मजकूर आधी नवव्या बारवर लिहून मग माउसने ओढत अकराव्यावर नेलात ना? तिथेच फसलात. असा मजकूर एका सुराला बांधलेला असतो. ओढताना तुटक रेघ दिसते, ती त्या सुरापर्यंत जाते. गाय चरत लांब गेली तरी दावं जुन्याच खुंटीला. आता नववा बार ओळीच्या टोकाला आला, म्हणून गाय समासात. मजकूर निवडून कंट्रोल-एक्स, मग अकराव्यातला सूर निवडून कंट्रोल-व्ही. तरी तिरपागडा बसला तर कंट्रोल-आर, म्हणजे तो मूळ जागी येतो. पुढच्या वेळी आधी सूर निवडा, मगच कंट्रोल-टी दाबून मजकूर लिहा.

‘हळू’ तुम्ही स्टाफ टेक्स्ट म्हणून लिहिलंय, ते फक्त त्या वाद्याचं. सगळ्यांच्या पानांवर हवं तर सिस्टिम टेक्स्ट, कंट्रोल-शिफ्ट-टी.

फॉन्टचं मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवून शिकलो. स्टाइलमध्ये शब्दांच्या विषम आणि सम ओळींच्या शैली वेगळ्या असतात. तुम्ही विषम बदललीत, देवनागरी दुसऱ्या ओळीत, म्हणजे सम. तिथे मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी द्या. आणि मुलांना पीडीएफच पाठवा, मूळ फाइल नको. फाइलबरोबर फॉन्ट जात नाही, त्यांच्याकडे अक्षरांचं काय होईल ते गणपतीच जाणे.

— व्हायोलिनवाला

---

दादा, झालं! झांजा अकराव्यावर ठाण मांडून बसल्यात. आता एकच. ‘जय देव’ एकाच सुराखाली हवंय, पण स्पेस दिली की कर्सर पुढच्या सुरावर उडी मारतो.

— पेटीवाली

---

कंट्रोल धरून स्पेस. मॅकवर ऑप्शन धरून.

पण ताई, चार अक्षरं एका सुरात कोंबू नका. गाणारे धापा टाकतील. त्या सुराचेच छोटे सूर फोडा की!

— व्हायोलिनवाला